भिंत बघायला आलेला माणूस

आमच्या मागच्या भिंतीचे माझ्यावर फार उपकार आहेत. ती ऐन उन्हाळ्यात खालून पोखरली नसती, तर माझ्यासारखी चित्रकलेची बाई होटगी रोडवर विटा बघत कशाला फिरली असती?

एप्रिलची सकाळ होती. दहालाच ऊन इतकं तापलेलं की स्कूटीच्या सीटला हात लावायची भीती. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल आणि दोन्ही हातांत एकेक वीट... अशा अवतारात मी विटांच्या ढिगापाशी उभी होते आणि त्या एकमेकींवर आपटून बघत होते. विटांमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण माठ घेताना आपण वाजवून घेतो, मग वीटही वाजवूनच घ्यावी, एवढी आपली अक्कल. त्याआधी दोन ठिकाणं हिंडून झाली होती आणि मला विटांचा अगदी वीट आला होता.

"त्या दोघींनी तुमचं काय बिघडवलंय?"

मी वळून बघितलं. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, काखेत हेल्मेट. माझ्यासारखंच कुणीतरी गिऱ्हाईक असणार. चेहरा सरळ वाटला म्हणून मला त्याची दया आली.

"घर बांधताय?" मी हळूच विचारलं.

"बांधायचं आहे... जमलं तर."

"मग या ढिगातली घेऊ नका. हे ऐका—" मी पुन्हा विटा आपटल्या. "बद्द वाजतेय. कच्ची आहे. आणि आता त्यांचा माणूस येईल बघा. गोड गोड बोलेल. अजिबात भुलायचं नाही."

"नाही भुलणार," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "अजून काय काय सांभाळू?"

मला चेव चढला. मी त्याला रंग दाखवला, कोपरे दाखवले, नखानं ओरखडा काढून दाखवला. तो मान हलवत ऐकत होता. हसू नये म्हणून त्यानं गालाच्या आतली कड चावून धरली होती, पण हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तेवढ्यात तिकडून विटांच्या दुकानाचा मालक ओरडला, "परबसायेब, ह्यो ढीग भरायला गाडी आलीय की!"

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही...?"

"तो गोड बोलणारा माणूस," तो म्हणाला. "अजिंक्य परब. विटा आमच्याच कारखान्याच्या आहेत. हा ढीग कच्चा निघाला म्हणून परत न्यायला आलोय. तुमचा कान बरोबर आहे."

स्कार्फ बांधायची पद्धत जिनं कुणी सोलापुरात आणली, तिचं भलं होवो. माझं तोंड त्या विटेपेक्षा लाल झालं होतं आणि ते कुणाला दिसलं नाही.

मग त्यानं विचारलं, वीट कशासाठी हवी. मी सांगितलं. आमचं घर काही मोठं प्रकरण नाही. जुनं घर, दोन खोल्या, मागं न्हाणी आणि पाण्याची बॅरलं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं माणसांपेक्षा बॅरलांना जागा जास्त. माझ्या जन्माच्या आधीपासून ती मागच्या भिंतीला टेकून उभी आहेत. भरताना पाणी सांडायचं आणि भिंत ते गुपचूप पिऊन टाकायची. आता खालच्या विटांचा भुगा होऊन पडायला लागला होता.

"मग साधी वीट नकोच," तो म्हणाला. त्यानं दुसऱ्या ढिगातल्या दोन विटा उचलल्या. गडद, जांभळटपणाकडं झुकलेला लाल रंग, धारेसारखे कोपरे. त्यानं त्या एकमेकींवर टेकवल्या मात्र... खण्ण! "मशीनची. जास्त भाजलेली, घट्ट. पाणी फारसं पीत नाही. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी गोड बोलतो. एक ही न्या, एक साधी न्या. दोन्ही बादलीत टाका आणि उद्या वजन करा. जी कमी प्याली असेल ती घ्या. मग ती आमची नसली तरी चालेल."

दोन्ही विटा त्यानं स्कूटीच्या पायाशी नीट ठेवून दिल्या. माझं नाव विचारून 'रुद्राणी बिराजदार' असं लिहून माझा नंबर घेतला आणि वजनाचं कळवा म्हणून आपला दिला. मी तो घेतला. विटेसाठीच घेतला, असं मी दिवसभर स्वतःला बजावत होते.

आमचे अप्पा, म्हणजे सिद्रामप्पा बिराजदार, सूतगिरणीतून रिटायर झालेले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बादलीत बुडवलेल्या विटा बघून ते म्हणाले, "यव्वा, न पिनारी वीट तर घावंल. न पिनारा जावई घावला की मी सुटलो."

"मी कुठं जाणार नाही, अप्पा."

"हां, ते बी ऐकलंय लई डाव."

खरं दुखणं तेच होतं. अप्पांचे धाकटे भाऊ, अकलूजचे शंकरप्पा काका, दर आठवड्याला फोन करायचे. भिंत पडायच्या आत दादाला मी इकडं आणतो, तू लग्न करून मोकळी हो, असं त्यांचं म्हणणं. काका प्रेमानंच म्हणायचे. पण अप्पांचं सगळं जग म्हणजे ही गल्ली, ही बॅरलं आणि भिंतीपलीकडच्या गुलबानो खालाशी चालणाऱ्या गप्पा. अकलूजला ते नुसते खुर्चीत बसून राहिले असते. आणि मला सांगून आलेली स्थळं? मुलगा वाईट नसायचा. पण "माझ्या अप्पांचं काय?" असं मी विचारलं की सगळे पंख्याकडं बघायला लागायचे. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं होतं. भिंत मजबूत करायची, अप्पा इथंच राहतील आणि त्यांच्यापाशी मी. यात तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मोबाईल वाजला.

"किती प्याली?"

"कोण?" मी उगाच विचारलं.

"वीट हो."

"साधी गटागटा प्याली. तुमची सभ्य आहे. नुसते ओठ ओले केले."

"कारखान्यात सांगतो. तिला बढती देऊ."

मी एकटीच हसले. समोर बसलेल्या पीटीच्या बाईंनी डबा खाता खाता माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा डब्यात बघितलं.

विटा किती लागतील हे मापायला तो आला, तो नेमका आमच्याकडं पाणी आलं तो दिवस. प्रेमकथेत पाऊस लागतो म्हणतात. आमच्या सोलापुरात नळाला पाणी येतं, तेवढ्यावर भागवायचं. गल्लीभर मोटारींचा आवाज, बादल्यांची आदळआपट, "बॅरल भरलं, बॅरल भरलं" असा कुणाचा तरी ओरडा... आणि त्या गोंधळात अजिंक्य भिंतीपाशी वाकून टेप लावत असताना आमच्या नळाचा पाईप निसटला. फवारा थेट त्याच्या डोक्यावर. मी पाईप धरायला धावले, तर तो माझ्याच हातातून उडाला आणि उरलासुरला कोरडा माणूसही भिजवून मोकळा झाला.

"अय्यय्यो!" अप्पा ओरडले. "परबसायेब, सर्दी हुईल की वो!"

"कोकणातला आहे, काका. भिजायची सवय आहे," तो केस झटकत म्हणाला. "एवढं पाणी सोलापुरात बघून उलट बरं वाटलं."

"कोकनातलं? मग हितं करमतं व्हय?"

त्यानं माझ्या हातातला टॉवेल घेतला. बोटं लागली नाहीत, पण लागतील अशी होती. "आता करमायला लागलंय," तो म्हणाला.

मी बॅरलाचं झाकण नीट बसवायला गेले. ते नीटच बसलेलं होतं.

चहा पिताना तो घरचं सांगत होता. कुडाळजवळचं गाव. आई, वडील, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची मुलं, घर भरलेलं. तिकडं घरं जांभ्या चिऱ्याची, त्यामुळं वीट त्यानं नीट बघितली ती नोकरी लागल्यावरच. मग त्यानं भिंतीवर हात फिरवला. ताप बघताना कपाळावर ठेवतात तसा, हलकेच. "वरचा भाग चांगला आहे. खाली कंबरेपर्यंत नवीन वीट घाला. फक्त या कोपऱ्यात ओल पार वर चढलीय. इथली भिंत पूर्ण काढावी लागेल."

विटा निवडायला मी स्वतः गेले. तो म्हणाला होता, गाडी भरून पाठवतो. मी म्हणाले, मी एकेक बघणार. मग काय, तोही आला. आम्ही दोघं त्या रणरणत्या उन्हात विटा उलटसुलट करत बसलो. तो कोपरे बघायचा, मी रंग.

"भिंतीला प्लास्टर होणार," तो म्हणाला. "रंग कुणाला दिसणार?"

"मला माहीत असेल की."

"मग प्लास्टर करूच नका. एवढ्या निवडलेल्या विटा झाकायच्या कशाला?"

मला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. माझ्या आवडीनिवडींवर लोक हसतात तरी, नाहीतर 'बरं' म्हणतात. हा माणूस मात्र त्यांचा हिशोब धरून भिंत बांधायला निघाला होता. मी खाली मान घालून पुढची वीट उचलली.

"इथं... लागलंय," तो स्वतःच्या कपाळाला हात लावत म्हणाला.

मी कपाळ पुसलं.

"तिकडं नाही. इकडं."

मी पुन्हा चुकीच्या बाजूला पुसलं. त्याचा हात वर आला... आणि तसाच खाली जाऊन खिशात गेला. आम्ही दोघंही मग विटांकडं फार लक्ष देऊन बघायला लागलो.

काम सुरू झालं. गवंड्यानं कोपऱ्यातली भिंत काढली आणि एक माणूस सहज जाईल एवढं भगदाड पडलं. पलीकडं गुलबानो खालाचं अंगण, तिचा शेवगा, आणि तिचा मुलगा मुबीन पुण्याला गेल्यापासून बंद असलेल्या दोन खोल्या. इतकी वर्षं खाला आणि अप्पा भिंतीवरून आवाज देत बोलायचे, आता समोरासमोर बसून बोलायला लागले.

अजिंक्य रोज काहीतरी कारण काढून यायचा. एके दिवशी म्हणाला, मशीनची वीट फार भिजवायची नसते, गवंड्याला सांगायला आलो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, सांगितलेलं तो विसरला असेल तर? तिसऱ्या दिवशी त्यालाच कारण सापडेना. खालाच कोपऱ्यातून म्हणाली, "भैया, मशीन की वीट भाग तो नहीं गयी, ये देखने आये ना?" तो "हो, हो" म्हणाला आणि गवंडी खाली बघून हसला.

आणि मी? मला कळून चुकलं होतं. गाडीचा आवाज आला की मी ओढणी नीट करत होते. विटांचा एकेक थर चढत होता तसं मला बरंही वाटत होतं आणि आत कुठंतरी खट्टूही. भिंत पुरी झाली की त्याला यायला कारण उरणार नव्हतं. आणि ते उरू नये असंच मी ठरवलं होतं ना?

अशातच ती सुशीलाची संध्याकाळ आली.

सोलापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांची, कांदा-मिरचीची फोडणी दिलेली, वरून डाळ्याची पूड घातलेली आमची खास न्याहारी. तुमच्याकडं पोहे तशी आमच्याकडं सुशीला. अप्पांना स्वयंपाकातली तेवढी एकच गोष्ट येते, पण ती अशी येते की गल्लीत नाव आहे. इतके दिवस अजिंक्य नुसत्या चहावर जात होता, हे अप्पांना खुपत होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः कढई चढवली. मी आत ताटल्या पुसत होते, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"परबसायेब, आज तुमास्नी असं सोडनार न्हाई. बसा. सुशीला तयार हाय."

"कोण?"

"सुशीला वो! आमच्या सोलापूरची. एकदा बघा तर. पसंत पडली तर जन्मभर नाव काढाल."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो चाचरत म्हणाला, "काका, मी... मी भिंत बघायला आलो होतो."

"भिंत कुटं पळतीय? अवो, लाजू नका. घरात जो येतो त्याला मी सुशीलाच देतो."

"जो येतो त्याला?" त्याचा आवाज चिरकला.

"व्हय की! परवा गवंड्याला बी दिली. लई खूश झाला."

मी हातातली ताटली तोंडावर दाबून धरली. बाहेर जाऊन सांगावं की अजून थोडं ऐकावं, हे ठरत नव्हतं. देवा, त्या क्षणी मी बाहेर गेले नाही, याबद्दल तुझे शतशः आभार.

"यव्वा, सुशीला भायेर आन की!" अप्पांनी हाक मारली.

"थांबा!" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "काका, माफ करा. तुमचा शब्द मोडायची इच्छा नाही... पण मला सुशीला नको. ती कितीही चांगली असली तरी नको. मला... मला रुद्राणी हवी आहे."

मी दारात उभी होते. हातात ताटली, ताटलीत सुशीला, वर कोथिंबीर.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. अजिंक्यनं ताटलीकडं बघितलं. भगदाडापलीकडून गुलबानो खालाचा पदर तोंडात कोंबल्याचा आवाज आला आणि मग ते हसू काही केल्या तिला आवरेना.

"ही...?" अजिंक्यनं बोटानं दाखवलं.

"हीच सुशीला," मी म्हणाले.

"यव्वा, ताट दे त्यास्नी," अप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

तो बसला. खाली मान घालून शेवटच्या चुरमुऱ्यापर्यंत खाल्लं. कान लालबुंद.

"कशी हाय?" अप्पांनी विचारलं.

"छान आहे."

"पसंत?"

"पसंत आहे, काका." त्यानं ताटली खाली ठेवली आणि सरळ अप्पांकडं बघितलं. "पण माझं आधीचं म्हणणं तेच आहे."

मी त्याला सोडायला दारापर्यंत गेले. गल्लीत ऊन उतरलं होतं. तो हेल्मेट हातातच फिरवत राहिला.

"चिडलात?" त्यानं विचारलं.

"नाही. मला असं... कुणी मागितलं नव्हतं आजवर. एवढं ठासून. मी तुमची आभारी आहे, खरंच." मी दाराची कडी उगाच वरखाली केली. "तुम्ही मला आवडता. ते लपवत नाही. पण हो म्हणता येत नाही."

"अप्पांमुळं?"

"अप्पांसाठी."

त्यानं हेल्मेटची पट्टी ओढून बघितली. मग म्हणाला, "त्यांना आपल्याबरोबर नेलं तर?"

"येतील ते. माझ्यासाठी कुठंही येतील. आणि तिथं खुर्चीत गप्प बसून राहतील. ते मला बघवणार नाही."

"मग मी इथं येतो राहायला."

"दोन खोल्यांत? अप्पा त्याच दिवशी खाट अंगणात टाकतील. वर आपल्यालाच सांगतील, हवा छान आहे, आत उकडतं."

तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. अप्पांना तोही ओळखायला लागला होता. त्यानं हेल्मेट घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"भिंत पूर्ण झाली की कळवा," तो म्हणाला. "बघायला येईन."

"भिंत?"

"भिंतच."

त्या रात्री अप्पा आणि मी जेवलो, आवराआवर केली, दोघांनीही तो विषय काढला नाही. मला वाटलं, सुटलो. पण उशीवर डोकं टेकलं आणि रडू आलं. उशीला सगळं कळतं, ती कुणाला सांगत नाही, एवढं बरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर मागं ठोकाठोक चालू. खालचे सगळे थर झाले होते. गडद लाल विटा एका रेषेत, मी निवडलेल्या रंगाच्या, प्लास्टरशिवाय. पण कोपऱ्यातलं भगदाड तसंच! उलट गवंडी त्याच्या दोन्ही कडा विटांनी सरळ करून, वर लिंटलच्या आडव्या पट्ट्यासाठी फळ्या ठोकत होता. पलीकडं गुलबानो खाला कमरेला पदर खोचून मुबीनच्या बंद खोल्या झाडत होती.

"अप्पा, हे काय? भगदाड बुजवायचं नाही का?"

"बेडा," अप्पा कानडीत म्हणाले. नको. "दार ठिवायचंय."

"दार? खालाच्या अंगणात?"

अप्पांनी मला बॅरलाशेजारच्या स्टुलावर बसवलं. स्वतः उभेच राहिले. "काल तू दारात काय बोललीस ते ऐकलं मी. कान हायत की मला. यव्वा, तुझी आई गेल्यापास्नं तू माझं सगळं केलंस. माझं जेवन बघितलंस, माझं औषध बघितलंस. आलेल्या पोरांना न्हाई म्हनत आलीस. मला कळत नव्हतं व्हय? कळत हुतं. पन मी बी लबाड. तू जाऊ ने असं मला बी वाटायचं, म्हनून गप बसलो."

"अप्पा, तसं काही नाही—"

"बोलू दे की मला. भिंत पुरी केली तर तू माझ्यापाशी अडकतीस. न्हाई केली तर मी अकलूजला जातो. रातभर डोस्कं खाजवलं. सकाळी भानूला म्हनलं, भानू, मुबीनच्या खोल्या भाड्यानं देतीस का?"

गुलबानो खालाला अप्पा भानू म्हणतात. तिनं झाडू टेकवला आणि भगदाडातून आत डोकावली. "मैंने बोला, हौ. मुबीनला फोन करून विचारलं बी. तो बोला, अम्मी, लगेच दे. बेटा, लांब दिलेल्या लेकीला बघायला कोण असतं? तू तर अशी हाकेवर राहशील. अन् मला बी सोबत."

"त्यो पोरगा चांगला हाय," अप्पा म्हणाले. "भर घरात, माझ्या तोंडावर, सुशीलाला न्हाई म्हनाला. लई धाडस लागतं त्याला." आणि ते हसायला लागले. आदल्या दिवसापासून दाबून ठेवलेलं सगळं हसू बाहेर पडलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि माझे तर आधीच भरले होते.

मी अप्पांचा हात नुसता धरून बसले. आभार मानायला शब्द असतात म्हणतात, मला त्यातला एकही सुचला नाही. ज्या माणसानं मला कधी जा म्हटलं नाही आणि कधी थांब म्हटलं नाही, त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या भिंतीत दार पाडलं होतं.

"बसलीस काय? फोन लाव की," अप्पा म्हणाले आणि मला मोकळीक द्यावी म्हणून भगदाडातून पलीकडं गेले.

मी फोन लावला.

"परबसाहेब, विटा उरल्यात."

"उरल्या?" त्याचा आवाज उतरलेला होता, तरी माणूस कामाचा. "कशा उरतील? मी स्वतः मापलंय. किती?"

"दाराएवढ्या."

"दाराएवढ्या म्हणजे?"

"कोपऱ्यातलं भगदाड बुजवायचं नाही असं ठरलंय. तिथं दार होतंय."

"पण पलीकडं तर गुलबानो खालांचं अंगण आहे. आणि त्या बंद खोल्या..."

"बंद नाहीत. झाडून घेतायत. भाड्यानं द्यायच्यात."

"कुणाला?"

मी श्वास घेतला. "अप्पा म्हणतात, सुशीला नको म्हणणाऱ्या एका माणसाला. त्याचं लग्न झाल्यावर. बायको त्याची... रोज दारातून येऊन अप्पांचा चहा करून जाईल म्हणे."

 फोनमध्ये कारखान्यातलं यंत्र घरघरत होतं. मग तेही लांब गेलं. तो चालत बाहेर आला असावा.

"रुद्राणी," तो म्हणाला. मला पहिल्यांदाच नुसत्या नावानं हाक. "हे अप्पांचं म्हणणं झालं. तुझं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात खालाच्या अंगणातून, त्या झाडलेल्या खोल्यांच्या दारातून अप्पांची हाक आली. मुद्दाम मारलेली, मोठ्यांदा, कितपत ऐकू जातंय ते बघायला.

"रुद्राणी...!"

"अप्पा हाक मारतायत ना?" अजिंक्य म्हणाला. "आधी त्यांना ओ दे. मी थांबतो."

तेवढ्यानंच माझं उरलंसुरलं सगळं ठरलं. मी फोन कानापासून बाजूला केला आणि दारातून पलीकडं ओरडले, "ओ, अप्पा! ऐकू येतंय!"

मग फोन पुन्हा कानाशी घेतला आणि त्याला म्हणाले, "हो."